खेळण्यांतले अंतराळ

ज्या संग्रहालयात अपोलो-११ मोहिमेचे 'कोलंबिया' यान आहे, त्याच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने २०१२ मध्ये एक बारा इंची खेळणे दाखल करून घेतले. 'टॉय स्टोरी' चित्रपटातील हा बझ लाइटइयर ३१ मे २००८ रोजी 'डिस्कव्हरी' यानातून निघाला, सुमारे पंधरा महिने अंतराळ स्थानकावर राहिला आणि सप्टेंबर २००९ मध्ये परतला. त्याच्या नावावर खराखुरा प्रवास तरी आहे. दिवाणखान्याबाहेरही न गेलेली खेळणी संग्रहालयाने का जपावीत?

कारण, माणूस अंतराळात जाण्यापूर्वी त्याने अंतराळ कसे कल्पिले होते, याचा पुरावा यंत्रांपाशी नसतो. १९२९ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून 'बक रॉजर्स' ही चित्रमालिका सुरू झाली. तिच्या लोकप्रियतेवर १९३४ मध्ये डेझी कंपनीने पत्र्याचे 'रॉकेट पिस्तूल' काढले. किंमत पन्नास सेंट, ऐन महामंदीतली. तरीही ते घेण्यासाठी मुलांची झुंबड उडाली. युरी गागारिनच्या उड्डाणाला तेव्हा सत्तावीस वर्षे अवकाश होता! युद्धोत्तर जपानमधून आलेले पत्र्याचे रोबो आणि रॉकेटे हा त्याचाच पुढचा अध्याय. त्यांतील विज्ञान बेताचेच. उत्साह मात्र अस्सल.

जतन करणाऱ्यांची खरी कसोटी पुढे आहे. पत्रा गंजतो, पण कोरड्या हवेत तो दीर्घकाळ टिकतो. रबर आणि प्लॅस्टिक मात्र कपाटात बंद ठेवले तरी आतून जीर्ण होत जातात. मॅटेल कंपनीचा १९६६ सालचा 'मेजर मॅट मेसन' हा अंतराळवीर तारेच्या सांगाड्यावर रबर चढवून घडवलेला होता. मुलांनी हातपाय वाकवले, की आतली तार तुटे. साहजिकच धड अवस्थेतले नमुने दुर्मिळ झाले आणि बाजारात खोके न उघडलेल्या खेळण्याला चढा भाव आला. प्रस्तुत लेखकाला मात्र तार तुटलेला मेजरच अधिक बोलका वाटतो. तो कुणीतरी खरोखर चंद्रावर नेला होता.

आपल्या माळ्यावर असा एखादा जुना रोबो असेल, तर त्याला रंग देऊ नये, घासूनपुसून लखलखीतही करू नये. आतले सेल मात्र आजच काढावेत; गळलेल्या सेलमधील रसायन धातूचे भाग कुरतडून टाकते. मूळ खोके फाटके असले, तरी तेही टाकू नये.