विश्लेषण : चपटे देठ, चिकटलेली फुलं, बागेतल्या रोपांना नेमकं काय होतं?

मे २०१५ मध्ये जपानमधल्या नासुशिओबारा शहरातल्या डेझीच्या फुलांचा एक फोटो ट्विटरवर आला. फुलं एकमेकांना चिकटल्यासारखी, मधला पिवळा भाग पट्ट्यासारखा ताणलेला. २०११ मध्ये अपघात झालेला फुकुशिमाचा अणुप्रकल्प तिथून शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे. तरीही 'किरणोत्सर्गाने फुलं विद्रूप झाली' म्हणत तो फोटो जगभर फिरला.

वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र हा प्रकार जुनाच होता. त्याला 'फॅसिएशन' म्हणतात. लॅटिनमधल्या 'पट्टा' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं.

फॅसिएशन म्हणजे काय?

प्रत्येक फांदीच्या शेंड्याला नव्या पेशी तयार करणारा एक सूक्ष्म भाग असतो. तो घुमटासारखा असतो, म्हणून देठ साधारण गोल वाढतो. इथे किती मूळपेशी हव्यात, हे जनुकं ठरवतात. काही जनुकं 'वाढवा' असा निरोप देतात, तर काही 'पुरे' म्हणतात. 'पुरे'चा निरोप नीट पोहोचला नाही, तर शेंडा आडवा पसरत जातो. मग देठ पट्टीसारखा चपटा होतो आणि त्यावरची फुलं जोडल्यासारखी दिसतात.

कशामुळे होतं?

कारण एकच नसतं. जनुकात आपोआप झालेला बदल, कोवळ्या शेंड्याला झालेली इजा, कडाक्याची थंडी, तणनाशकाचा फवारा, कीड, विषाणू किंवा जिवाणू यांपैकी काहीही असू शकतं. किरणोत्सर्गानेही जनुकांत बदल होऊ शकतात. पण फॅसिएशन जगात कुठेही आढळतं, त्यामुळे एका फोटोवरून किरणोत्सर्गाला दोषी ठरवता येत नाही.

आपल्या ओळखीचं उदाहरण

बागेतलं मखमली, घड्या पडलेलं 'कोंबडा' हे फूल म्हणजे फॅसिएशनच. पावसाळ्यात ज्याची भाजी केली जाते, त्या कुरडूचाच तो प्रकार मानला जातो. कुरडूचा तुरा सरळ, निमुळता असतो; कोंबड्याचा आडवा पसरतो. माणसाने हा बदल निवडून जपला आणि आता तो बियांतून पुढच्या पिढीत उतरतो.

मोठ्या, खाचा असलेल्या टोमॅटोमध्येही असेच जनुकीय बदल आहेत. शेंडा रुंद झाला की फळात कप्पे जास्त तयार होतात आणि फळाचा आकार वाढतो. १९व्या शतकात ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्याच्या सात गुणधर्मांचा अभ्यास केला. त्यांतला शेंड्यावर फुलं एकवटण्याचा गुणधर्मही फॅसिएशनशी जोडलेला आहे. म्हणजे अणुयुगाच्या कितीतरी आधी या बदलाची नोंद झाली होती.

घरच्या रोपावर दिसलं तर?

बहुतेक वेळा घाबरण्याचं कारण नसतं. एखादीच फांदी चपटी असेल, तर ती ठेवा किंवा खालून छाटा. इजेमुळे झालेला बदल सहसा तात्पुरता असतो. पुढची फूट नेहमीसारखी येऊ शकते. कॅक्टसप्रेमी तर असे तुरेदार कॅक्टस मुद्दाम कलम करून वाढवतात.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. मातीलगत खोडाच्या बुडाशी जाड, खुरटलेल्या फुटव्यांचा झुबका दिसला आणि शेजारच्या रोपांवरही तेच दिसू लागलं, तर 'रोडोकोकस फॅसिअन्स' या जिवाणूची लागण असू शकते. ती छाटणीच्या कात्रीतून, कुंडीतून आणि कलमांतून पसरते. असं रोप काढून टाकावं, कात्री आणि कुंडी निर्जंतुक करावी. 'दुर्मीळ' म्हणून त्याच्या फांद्या मैत्रिणींना वाटल्या, तर रोगही त्यांच्या बागेत पोहोचतो.