डोमेन नावाची विक्री आणि फसवणुकीपासून बचाव

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येतो आणि मुदत संपण्याआधी फी भरून नोंद चालू ठेवावी लागते. नोंद ज्याच्या नावावर असेल, त्याला ती दुसऱ्याला विकता येते. भारताच्या ‘.इन’ नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. 2014 पासून देवनागरीतील ‘.भारत’ नावेही मिळू लागली. बीड जिल्ह्यातील कडा येथे बसूनही मोबाइलवर असे नाव नोंदवता येते आणि परदेशातील गिऱ्हाइकाला विकता येते. मात्र ते गिऱ्हाईक कधीच समोर येत नाही.

कड्याच्या बाजार समितीत कांदा विकताना लिलाव चारचौघांत होतो, आडत्याकडे समितीचा परवाना असतो आणि वजनानंतर हिशेबपट्टी हातात पडते. डोमेनच्या विक्रीत अशी व्यवस्था आपोआप मिळत नाही, विक्रेत्याला ती स्वतः उभी करावी लागते. ठग नेमका याच उणिवेचा फायदा घेतात.

पहिला डाव मूल्यांकनाचा. अनोळखी माणूस ईमेल पाठवून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त किंमत देऊ करतो. पुढच्या पत्रात तो नावाच्या किमतीचे प्रमाणपत्र मागतो आणि ते कुठून घ्यायचे तेही सुचवतो. प्रमाणपत्र देणारे संकेतस्थळ त्याचेच असते. विक्रेत्याने तिथे फी भरली की गिऱ्हाईक गायब होते. ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’, ‘हस्तांतर खर्च’ ही त्याच मागणीची दुसरी नावे. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा खरा खरेदीदार नव्हे, हे पक्के समजावे.

दुसरा डाव खोट्या मध्यस्थाचा. एस्क्रो सेवा खरेदीदाराचे पैसे आपल्याकडे ठेवते आणि नाव हस्तांतरित झाल्यावर ते विक्रेत्याला देते. ठग नामांकित सेवेची हुबेहूब नक्कल करतात. पत्त्यात एखाद्याच अक्षराचा फरक असतो. ‘रक्कम जमा झाली’ असा ईमेल येतो आणि विक्रेता नाव देऊन बसतो. म्हणून मध्यस्थ विक्रेत्याने स्वतः निवडावा, त्याचा पत्ता स्वतः टाइप करून खाते उघडावे आणि रक्कम जमा झाल्याची खात्री त्या खात्यातच करावी.

तिसरा धोका पैसे परत जाण्याचा. कार्डाने दिलेली रक्कम खरेदीदार तक्रार करून काही आठवड्यांनंतरही मागे घेऊ शकतो. तोवर नाव पुढे गेलेले असते. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘रक्कम मिळवण्यासाठी कोड स्कॅन करा’ असे कोणी सांगितले आणि तो स्कॅन करून पिन टाकला, तर विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे जातात.

डोमेनची खरी किल्ली म्हणजे हस्तांतराचा गुप्त कोड. नाव एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे न्यायला तो लागतो. रक्कम मध्यस्थाकडे पोचेपर्यंत तो कोणालाही देऊ नये, रजिस्ट्रारकडील खात्यात नावाचे हस्तांतर रोखणारे कुलूप चालू ठेवावे आणि खाते व ईमेल या दोन्हींना दुहेरी पडताळणी लावावी. ओटीपी मागणाऱ्या किंवा मोबाइलचा ताबा देणारे ॲप टाकायला सांगणाऱ्या माणसाशी बोलणे तिथेच थांबवावे.

विक्रेत्याची बाजूही स्वच्छ हवी. ‘रेडिफ’ या भारतीय संकेतस्थळाच्या नावाशी साधर्म्य असलेल्या ‘रॅडिफ’ या नावावरून झालेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. डोमेन नावांना व्यापारचिन्हाच्या कायद्याची तत्त्वे लागू होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ‘सिफी’ या नावावरील वादाच्या प्रकरणात स्पष्ट केले. दुसऱ्याच्या नावलौकिकावर डोळा ठेवून घेतलेले नाव विकायला निघाल्यास नाव तर जातेच, वर कोर्टाची पायरीही चढावी लागते.

फसवणूक झालीच, तर बँकेला ताबडतोब कळवून 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ईमेल, संदेश आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. संगणक साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही गेलेले नाव परत मिळवणे अवघड असते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याने हा क्रम मोडू नये: आधी पैसे विश्वासू मध्यस्थाकडे, मग कोड.