अमिलॉइड विकाराची रेणवीय कारणे : सिकलसेल व क्षयरोग यांच्या संदर्भात

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात वारली, कोकणा, काथोडी आदी आदिवासी समाजांची वस्ती आहे. पश्चिमेस बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा पसरलेला असून तेथे अनेक प्रांतांतून आलेला कामगारवर्ग दाटीने राहतो. आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रोग आनुवंशिक होय; दाट वस्तीत ज्याचा प्रसार सुकर होतो तो क्षयरोग जंतुजन्य होय. वरवर पाहता या दोहोंत काहीच साम्य नाही. तथापि रेणूंच्या पातळीवर दोहोंचा अभ्यास एकाच प्रश्नाशी येऊन ठेपतो : रक्तात विद्राव्य स्थितीत असणारे प्रथिन तंतुरूप का धारण करते?

‘अमिलॉइड’ ही संज्ञा मानवी ऊतींतील निक्षेपांना फिर्खो यांनी १८५४ साली लावली. आयोडिनाने या निक्षेपांस येणारा रंग पाहून ते पिष्टमय असावेत, असा त्यांचा समज झाला. १८५९ साली फ्रीडराइख व केकुले यांनी हा पदार्थ वस्तुतः नत्रयुक्त, म्हणजे प्रथिनासारखा आहे असे दाखविले. परंतु नाव मात्र टिकून राहिले. कोहेन व काल्किन्स यांना १९५९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक, अशाखी तंतू दिसले. १९६८ मध्ये ईन्स व ग्लेनर यांनी क्ष-किरण विवर्तनाने त्या तंतूंची अंतर्रचना उलगडली.

ही रचना अशी आहे. पॉलिपेप्टाइड शृंखलेचे ताणलेले भाग तंतूच्या अक्षाला काटकोनात, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक बसतात. लगतच्या दोन पायऱ्यांतील अंतर सुमारे ०·४७ नॅनोमीटर असते व त्या हायड्रोजन बंधांनी जखडलेल्या असतात. मूळ प्रथिन कोणतेही असो, अंतिम सांगाडा हाच. म्हणून काँगो रेड हे रंजक शोषलेला निक्षेप ध्रुवित प्रकाशात हिरवी झाक दाखवितो. तंतूंची निर्मिती आरंभी अत्यंत मंद असते, कारण काही रेणूंनी एकत्र येऊन पहिले केंद्रक बनविणे कठीण असते. ते एकदा बनले की वाढ झपाट्याने होते. तयार तंतूचा तुकडाही बीजाचे कार्य करतो.

सिकलसेलमधील तंतूची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली या रोगास ‘रेणवीय रोग’ म्हटले. पुढे इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते, हे सिद्ध केले. ऑक्सिजन सुटताच असे रेणू एकमेकांस चिकटून चौदा पदरांचा तंतू बनतो व तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. येथेही केंद्रक बनण्यास विलंब लागतो; हायड्रॉक्सीयुरियामुळे गर्भस्थ हिमोग्लोबिन वाढते व हा विलंब लांबतो. परंतु महत्त्वाचा भेद असा, की या तंतूत प्रत्येक रेणूची मूळ घडी शाबूत राहते आणि ऑक्सिजन मिळताच तंतू विरघळतो. अमिलॉइडमध्ये मूळ घडीच मोडते. म्हणून तो तंतू चिवट असतो व सहसा आपण होऊन विरघळत नाही.

मूळ घडी मोडण्यास कारणे अनेक असतात. पहिले कारण प्रथिनाचे दीर्घकाळ वाढलेले प्रमाण. क्षयरोगासारखा दाह चालू राहिला की इंटरल्यूकिन-६ आदी संदेशवाहकांच्या प्रेरणेने यकृत ‘सीरम अमिलॉइड ए’ हे प्रथिन विपुल बनविते. त्याची पातळी एरवीच्या सहस्रपटीपर्यंत जाऊ शकते. १०४ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे तुकडे मूत्रपिंडात तंतुरूपाने साचतात. हाच ‘ए.ए.’ प्रकार. दुसरे कारण जनुकीय बदल : ट्रान्सथायरेटिन हे चार घटकांचे प्रथिन अशा बदलाने अस्थिर होते व त्याचे घटक विलग होऊन घडी गमावतात. वार्धक्यात मात्र बदलाविनाही हेच घडते. तिसरे कारण एकाच पेशीकुलाने निर्मिलेली सदोष प्रतिपिंड-शृंखला. ग्लेनर यांनी १९७१ मध्ये उलगडलेला ‘ए.एल.’ प्रकार तो हाच.

तरीही तंतू म्हणजे रोग, असे समीकरण मांडता येत नाही. समीर माजी, रोलंड रीक व सहकारी यांनी २००९ साली दाखविले, की पीयूष ग्रंथीतील कित्येक पेप्टाइड संप्रेरके पेशीच्या कणिकांत अमिलॉइडरूपानेच साठविलेली असतात आणि गरजेच्या वेळी ती सुटी होतात. माजी यांच्या मुंबईच्या आय.आय.टी.तील गटाने २०२० मध्ये पार्किन्सन रोगाशी निगडित अल्फा-सिन्यूक्लिन प्रथिन प्रथम द्रवबिंदूंच्या रूपाने एकवटते व मग ते बिंदू घट्ट होत तंतू जन्मास येतात, असे निदर्शनास आणले. साठवण व रोग यांतील सीमा कोठे ओलांडली जाते, हा आजच्या संशोधनाचा गाभा आहे.

या विवेचनास व्यावहारिक बाजूही आहे. भारतीय वैद्यकीय अहवालांत ए.ए. विकाराचे प्रमुख कारण म्हणून क्षयरोगाची नोंद दीर्घकाळ होत आली आहे. स्थलांतर करणाऱ्या कामगाराचा उपचार मध्येच खंडित झाला तर दाह रेंगाळतो. आधीच साचलेला निक्षेप बीज ठरल्यास पुढील वाढ वेगाने होऊ शकते. पायांस सूज व लघवीस फेस, ही मूत्रपिंडातील बिघाडाची साधी चिन्हे होत. लघवीतील प्रथिनाची तपासणी अल्प खर्चाची असून ग्रामीण रुग्णालयातही करता येते. मात्र काँगो रेडने अमिलॉइड आहे एवढेच कळते, प्रकार कळत नाही. ए.ए. प्रकारात मूळ दाह शमवावयाचा असतो, तर ए.एल. प्रकारात पेशीकुलाविरुद्ध औषधयोजना करावी लागते. रुग्णास क्षय आहे एवढ्यावरून प्रकार ठरविल्यास एखादा ए.एल. रुग्ण योग्य उपचारास मुकेल. उलट चूक झाल्यास क्षयरोग्यास अनावश्यक व घातक औषधे दिली जातील. म्हणून तंतू कोणत्या प्रथिनाचा, हा प्रश्न प्रयोगशाळेतील कुतूहलापुरता उरत नाही. रुग्णाचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.