घरगुती गिलावाकाम

वीट, दगड, काँक्रीट किंवा माती यांच्या भिंतीवर ओल्या मिश्रणाचा थर चढवून तिचा पृष्ठभाग सपाट करण्याच्या क्रियेस, तसेच त्या थरास, गिलावा असे म्हणतात. व्यवहारात ‘प्लास्टर’ हा शब्द अधिक रूढ आहे. हे मुख्यतः गवंड्याचे काम होय. तथापि उखडलेला भाग दुरुस्त करणे, परसातील बुटकी भिंत लिंपणे अशी कामे सरावाने घरच्या माणसालाही जमतात. छताचा गिलावा मात्र नवशिक्याने करू नये.

या कामातील खरी अडचण ताकदीची नसून वेळेची असते. पाणी पडताच सिमेंट घट्ट होऊ लागते. त्यामुळे कालवलेले मिश्रण साधारण अर्ध्या तासात वापरून संपवावे लागते. हात न बसलेल्या माणसाला हा अवधी पुरत नाही. मग तो घट्ट झालेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालतो आणि तिथेच गिलावा कमकुवत होतो.

सरावाचे मिश्रण

यावर चांगला उपाय म्हणजे पहिला सराव चुना व वाळू यांच्या मिश्रणाने करणे. एक भाग चुन्याची तयार भुकटी व तीन ते चार भाग चाळलेली वाळू पुरते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून अतिशय सावकाश कठीण होतो. त्यामुळे भिंतीवर लावलेला थर खरवडून, थोडे पाणी घालून, पुन्हा पुन्हा वापरता येतो. कळीचा चुना घरी विझवण्याचा खटाटोप करू नये. पाणी घालताच तो उकळतो व अंगावर उडतो. चुना आणि सिमेंट दोन्ही त्वचेला भाजतात, डोळ्यांना तर गंभीर इजा करतात. रबरी हातमोजे व चष्मा यांना पर्याय नाही.

साहित्य व प्रमाण

थापी, लाकडी रंधा, ओळंबा, सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, घमेले आणि पाण्याचा ब्रश एवढी साधने पुरेशी आहेत. वाळूत माती किती आहे हे पाहण्यासाठी काचेच्या बरणीत वाळू व पाणी घालून हलवावे आणि बरणी काही तास स्थिर ठेवावी. वर गाळाचा जाड थर साचल्यास ती वाळू धुऊन घ्यावी. खारट वाळू टाळावी, कारण तिच्यातील क्षारांमुळे भिंतीला लोणा लागतो.

आतील भिंतीसाठी सिमेंट व वाळू यांचे १:६ प्रमाण आणि १२ मि.मी. जाडी सर्वसाधारणपणे वापरतात. एक चौरस मीटर भागाला या जाडीने १२ लिटर ओले मिश्रण लागते. विटांचे सांधे व सांडलवंड धरून ते १४ ते १५ लिटर होते. कोरडे साहित्य ओले झाल्यावर दबत असल्याने सुमारे पावणेतीन लिटर (४ किलो) सिमेंट आणि १६ लिटर वाळू घ्यावी. नवशिक्याने एका वेळी याच्या निम्मेच कालवावे.

कृती

भिंतीवरील सैल भाग, धूळ व तेलकटपणा काढून विटांचे सांधे सुमारे १० मि.मी. खोल खरवडावेत. काँक्रीट गुळगुळीत असल्यास टाचे मारावेत. नंतर भिंत भिजवावी. ती ओलसर हवी, पण पाणी ओघळता कामा नये. कोरडी वीट मिश्रणातील पाणी शोषून घेते व थर सुटतो.

पुढे ओळंब्याने तपासून, ठरलेल्या जाडीचे मिश्रणाचे छोटे ठोकळे भिंतीवर ठिकठिकाणी बसवतात. त्यांच्या मधल्या जागेत थापीने मिश्रण जोरात मारायचे असते. नुसते फासलेले मिश्रण भिंतीला घट्ट धरत नाही. जागा भरल्यावर पट्टी ठोकळ्यांवर टेकवून, डावीकडे-उजवीकडे हलवत खालून वर ओढतात व खळगे पुन्हा भरतात.

यानंतर थांबावे लागते, आणि नवशिक्याला नेमके हेच जमत नाही. रंधा लवकर फिरवला तर मिश्रण त्याच्याबरोबर सरकते. उशीर झाला तर पृष्ठभाग दाद देत नाही. बोटाने दाबल्यावर किंचित ठसा उमटावा, पण बोटाला मिश्रण चिकटू नये, ही योग्य वेळ. घाईने कोरडे सिमेंट भुरभुरवून ओल शोषून घेण्याची सवय वाईट आहे. त्यामुळे पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडतात.

दुसऱ्या दिवसापासून किमान ७ दिवस गिलावा ओला ठेवावा. वाळल्यावर त्यावर लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तेवढा भाग चौकोनी कापून नव्याने भरणे भाग असते. वरून रंग दिल्याने तो सुटायचा राहत नाही.

जुनी घरे

मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा शोभत नाही आणि मानवतही नाही. अशा भिंती ओल घेतात व बाहेर टाकतात. सिमेंटचा टणक थर ती ओल कोंडतो. आतली माती भुसभुशीत होते आणि कालांतराने गिलाव्याचे पोपडे पडतात. तेथे चुन्याचा किंवा तूस वा भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा योग्य ठरतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांखालचा थरही मातीचाच असून त्यात वनस्पतींचे तंतू व भाताचे तूस मिसळलेले आढळते.