कमी पैशांतला थरार आणि त्याचा प्रेक्षक

विद्यार्थी थरारपट करायला घेतात, तेव्हा आधी नकली रक्ताची जमवाजमव सुरू होते. पण थरार पैशांवर अवलंबून नसतो. प्रेक्षकाला काय, कधी कळतं यावर असतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे आधी कळलं, तर वरच्या साध्या गप्पाही जीव मुठीत धरून ऐकल्या जातात, हे दिग्दर्शक हिचकॉकने केव्हाच सांगून ठेवलंय.

याचा उत्तम धडा म्हणजे ख्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ (१९९८). इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेल्या नोलनने तो मित्रांना घेऊन, लंडनमध्ये सुट्टीच्या दिवशी, १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर चित्रित केला. फिल्म महाग, म्हणून आधी भरपूर तालमी आणि मग एक-दोनच टेक. प्रकाश बहुतेक वेळा खिडकीतून येईल तेवढाच. कथा काळात मागे-पुढे उड्या मारते, तरी आपण हरवत नाही: नायकाचे वाढलेले केस, मग नीट कापलेले केस, मग सुजलेला चेहरा, यांवरून प्रसंग कधीचा ते ओळखू येतं. मला ही युक्ती कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाची वाटते.

असा सिनेमा सगळ्यांसाठी नसतोच. म्हणून ‘फॉलोइंग’ आधी महोत्सवांच्या प्रेक्षकांकडे गेला; १९९९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात त्याला टायगर पुरस्कार मिळाला. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या भयपटाच्या तरुण दिग्दर्शकांनी मात्र वेबसाइट आणि पात्रं ‘बेपत्ता’ असल्याची पत्रकं वापरून इंटरनेटवरची तरुणाई गाठली.

म्हणून आपला प्रेक्षक पटकथेच्या आधी ठरवावा. कच्चं संकलन त्या प्रेक्षकाच्याच वयाच्या अनोळखी लोकांना दाखवावं आणि ‘आवडलं का?’ऐवजी ‘संशय पहिल्यांदा कुणावर आला, कुठल्या प्रसंगात?’ असं विचारावं.