स्ट्रीक २१२ दिवसांची, बोलती बंद!

सीन पहिला. दिवाळीची सुट्टी, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमधलं मामाचं घर, रात्रीचे साडेदहा. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या बसने हाडं खिळखिळी करून आलेली मी गच्चीवर गादी टाकून पडलेय. शेजारी माझी मामेबहीण मोबाइलच्या उजेडात पुटपुटतेय, 'देअर आप्फेल… दी मिल्श… दास ब्रोट…'

खालून आजीचा आवाज आला, 'काय बोलालीस गं एकटीच?'

'जर्मन, आजी!'

आजी गप्प. वसमतला हळद पिकते, केळी पिकतात. जर्मनही पिकायला लागल्याचं तिच्या कानावर नव्हतं!

बहीण २६ वर्षांची. नांदेडच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार जण पाठवायचं ठरलं आणि त्या यादीत नर्सेसही होत्या. झालं, तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जर्मनीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. पण क्लाससाठी पुण्यात राहायचं तर पगार सोडावा लागणार, आणि शिफ्ट ड्युटीत रोजचा क्लास जमणार नाही. मग उरला मोबाइल. बसमध्ये, नाइट ड्युटीच्या ब्रेकमध्ये, गच्चीवर, जिथे वेळ मिळेल तिथे अ‍ॅप. स्ट्रीक किती? तर २१२ दिवस. एकही खाडा नाही!

सीन दुसरा. भाऊबीजेनंतरचा दिवस. एका ऑनलाइन शिक्षिकेबरोबर तिचा सराव-इंटरव्ह्यू होता. पहिलाच प्रश्न, 'कुठे राहता? स्वतःबद्दल सांगा.' ताईसाहेब ब्लँक! दोन मिनिटं नुसतं 'इश… इश…' म्हणजे 'मी… मी…' कॉल संपल्यावर फोन गादीवर टाकून म्हणाली, 'ताई, शब्द होते गं. तोंडच उघडेना. परीक्षेचे पैसे भरू का नको आता?'

मला उत्तर सुचेना. कारण माझ्या फोनमध्ये ४० दिवसांच्या फ्रेंचची समाधी आहे. तुमच्याही फोनमध्ये एखादी असेलच, खरं सांगा!

अ‍ॅपचा फंडा काय?

अ‍ॅपला शिव्या देण्याआधी त्याची बाजू ऐकू या. १८८५ मध्ये हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीला भराभर विसरतो. योग्य अंतराने उजळणी केली तर मात्र ते टिकतं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर याने त्यावर सोपी युक्ती लोकप्रिय केली. शब्दांची कार्डं करायची आणि खोक्याच्या कप्प्यांत ठेवायची. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात. २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं डुओलिंगो असो की दुसरं कुठलं अ‍ॅप, आत थोडंफार हेच खोकं असतं. वर स्ट्रीक, पॉइंट्स आणि गोड धमक्यांचं पॅकिंग!

म्हणजे शब्द लक्षात राहावेत आणि रोज बसायची सवय लागावी, यासाठी अ‍ॅप झकास. पण चार पर्यायांतून बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि समोरचा वाट बघत असताना तोच शब्द तोंडातून काढणं वेगळं. माझी बहीण २१२ दिवस पहिल्याचा सराव करत होती आणि परीक्षा दुसऱ्याची होती.

वय आडवं येतं का?

'लहानपणीच शिकायला हवं होतं,' हे आपलं लाडकं कारण. २०१८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी तपासली. नव्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची ताकद साधारण १७ व्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण उतरते म्हणजे संपते असं नाही! मोठ्यांचा प्रॉब्लेम वयापेक्षा वेळेचा जास्त आहे.

कॅल्क्युलेटर काढा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए-१ या पहिल्या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. बी-१ साठी ३५० ते ६५०. रोज १५ मिनिटं अ‍ॅप म्हणजे वर्षाला साधारण १२० तासिका. त्या हिशेबाने बी-१ ला ३ ते ५ वर्षं! आणि जर्मनीत नर्स म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे त्याच्याही पुढची बी-२ पातळी लागते. स्ट्रीक खरी होती. हिशेब कुणी सांगितला नव्हता.

इंग्रजीचा वळसा

त्या रात्री आम्ही तिची वही उघडली. घोळ लगेच दिसला. अ‍ॅप जर्मन शिकवत होतं इंग्रजीतून, आणि बहिणीचं इंग्रजी बेताचं. म्हणजे वसमतहून नांदेडला जायला व्हाया मुंबई!

मी म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव, मराठीतून बघ. आणि गंमत सुरू झाली. देअर, दी, दास या तीन लिंगांनी इंग्रजीवाले रडकुंडीला येतात. आपल्याकडे तो, ती, ते जन्मापासून आहेत. शब्दांची लिंगं जुळत नाहीत, हे खरं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि 'मुलगी' चक्क नपुंसकलिंगी. पण आपणही ती मुलगी म्हणतो आणि त्याच मुलीला ते पोरगं म्हणतोच की!

पुढे बघा. 'मीर गेफेल्ट दास' म्हणजे शब्दशः 'मला आवडतं ते'. 'मी' नाही, 'मला'! इंग्रजीतून हे समजायला अर्धा तास लागतो, मराठीतून अर्धा सेकंद. आणि 'वाइल इश इन वसमत वोने', म्हणजे 'कारण मी वसमतला राहते'. 'कारण' आलं की जर्मन क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. बहीण उठून बसली. 'ताई, हे तर आपल्यासारखंच झालं की!' त्या रात्री पहिल्यांदाच ती अख्खं वाक्य मोठ्याने बोलली.

नर्सीचा माणूस

दुसऱ्या दिवशी मामाच्या गाडीतून सगळे कयाधूकाठच्या नर्सी नामदेवला दर्शनाला निघालो. वाटेत नव्वदीतल्या आजोबांना जर्मनचा किस्सा सांगितला. ते निजामाच्या राजवटीतल्या शाळेत उर्दू शिकलेले. म्हणाले, 'मास्तरच्या छडीनं अक्षरं आली. बोलणं आलं ते बाजारात, गिऱ्हाइकाशी.' फुल अँड फायनल!

नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म १२७०. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा नामदेव २६ वर्षांचे, म्हणजे बरोब्बर माझ्या बहिणीच्या वयाचे. त्यानंतर ते उत्तरेकडे गेले आणि पंजाबातल्या घुमानला राहिले, असं परंपरा सांगते. तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी रचना केल्या. त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांत अधूनमधून मराठीच्या खुणाही अभ्यासकांना दिसतात. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच नात्यामुळे.

देवळाच्या पायरीवर बसून मी विचार करत होते. या माणसाने मोठेपणी परकी भाषा आपलीशी केली, कारण त्याला त्या लोकांशी काहीतरी बोलायचं होतं. मराठीचा ठसा राहिला, तर राहिला! आपण मात्र एक चूक होईल म्हणून तोंडच उघडत नाही.

सीन शेवटचा

बहिणीने परीक्षेचे पैसे भरले. तारीख मात्र सहा महिने पुढची घेतली. अ‍ॅप चालूच आहे, पण आता ते आहे वॉर्म-अप. ग्रुपवरची परभणीची एक नर्स आणि ती रोज रात्री २० मिनिटं फोनवर फक्त जर्मन बोलतात. ड्युटी, भाजीचे भाव, सिस्टर इन्चार्जची कटकट. आठवड्यातून दोनदा ऑनलाइन क्लास. मध्यंतरी एक रात्र स्ट्रीक तुटली. का? तर गप्पांच्या नादात अ‍ॅप उघडायचं राहून गेलं!

परीक्षा अजून व्हायचीय. निकाल काय लागेल, माहीत नाही. पण परवा आजीने फोनवर विचारलं, 'कुठं राहतीस गं आता, ड्युटीवर का घरी?' आणि बाईसाहेबांच्या तोंडून आधी जर्मन बाहेर पडलं.

आजी म्हणे हसत सुटली. बोलती बंद झालेली पोरगी बोलायला लागली होती ना!

करून बघा!

• अ‍ॅपला १५ मिनिटं, तोंडाला १५ मिनिटं. शिकलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणा.
• नवं व्याकरण आधी मराठीशी ताडून बघा.
• सफरचंद-दूध नंतर. पहिल्यांदा स्वतःबद्दलची दहा वाक्यं तयार करा: नाव, गाव, काम, घर.
• आपल्याच पातळीचा एक पार्टनर शोधा. दोघं चुकलात तर लाज अर्धी होते.
• स्ट्रीक तुटली तर शोक नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.