समलिंगी कामगार आणि आमचे बाक

यंदा आम्ही कामगार कायद्यावर बोलणार, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. हा विषय आम्हीच मागून घेतला, आणि त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका फिटरच्या बाकावर कोणी बसेनासे झाले. तो समलिंगी आहे अशी कुजबुज होती. तो आमच्याकडे आला. "ही खाजगी बाब, यात युनियन काय करणार?" असे म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले. दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. युनियनला काय करता येते हे पुढे अमेरिकेतील हकीगत वाचून कळले. शाळा आमची आठवीत सुटली. आम्हांस जे कळते ते उशिराच कळते.

अमेरिकेत ही तोडातोड नोकरीवरून पक्की झाली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हुकूम काढला. त्यातील 'लैंगिक विकृती' या शब्दांखाली समलिंगी माणसे सरकारी नोकरीस अपात्र ठरली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. फ्रँक कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ सैन्याच्या नकाशा विभागात होते. त्यांना १९५७ मध्ये काढले. सरकारने त्यांची माफी मागितली ती २००९ मध्ये!

पोटावर पाय येतो म्हटल्यावर माणूस स्वतःला लपवितो. मग चार माणसांत बसायचे कुठे? न्यूयॉर्कात बारमध्ये जावे, तर समलिंगी नुसते जमले तरी ती बेशिस्त धरून परवाना काढून घेण्याची भीती मालकाला असे. २१ एप्रिल १९६६ रोजी काही तरुण 'ज्यूलियस' नावाच्या बारमध्ये गेले. आम्ही समलिंगी आहोत, असे उघड सांगून त्यांनी पेय मागितले. बारवाल्याने ग्लासावर हात आडवा धरला. त्याचे छायाचित्र निघाले म्हणून आज आपण ते बोलू शकतो. मालकाने असा हात आडवा धरला की धंदा कोणाकडे जातो? न्यूयॉर्कात तो गुंडांच्या टोळ्यांकडे गेला. जून १९६९ मध्ये जेथे पोलिसांच्या धाडीवरून दंगल उसळली, ते 'स्टोनवॉल' अशाच टोळीच्या हातात होते. तेथे दारूत पाणी आणि भाव मात्र चढा. जाणार कुठे हे ठाऊक असले की गिऱ्हाइकाला कोणीही नाडतो.

आता युनियनची गोष्ट. १९७० नंतर सान फ्रान्सिस्कोत बिअर पोचविणाऱ्या ट्रकचालकांचा वितरकांशी झगडा चालू होता. त्यांचे पुढारी ॲलन बेअर्ड यांना बहिष्कार हवा होता. कॅस्ट्रो भागात समलिंगींचे बार पुष्कळ, म्हणून ते तेथे कॅमेऱ्याचे दुकान चालविणाऱ्या हार्वे मिल्क यांच्याकडे गेले. मिल्क यांनी एकच अट घातली : आमच्या माणसांना ट्रकवर काम द्या. बेअर्ड यांनी ती मानली. बारवाल्यांनी कूर्स कंपनीची बिअर घेणे थांबविले. आम्हांस यात मौज वाटते ती ही की, ज्या वेगळेपणाने ही माणसे कोंडली होती त्यानेच त्यांचे गिऱ्हाईक एका जागी गोळा झाले होते. बहिष्काराला हवे असते ते हेच. पुढे १९७७ मध्ये कूर्सच्या कामगारांनी संप केला. नोकरी देताना खोटे पकडणाऱ्या यंत्रावर बसवून खाजगी आयुष्याचे प्रश्न विचारतात, ही त्यांची एक तक्रार होती. म्हणजे बारवाल्यांचे दुखणे आणि कामगारांचे दुखणे एकाच दारातून आत येत होते. मिल्क त्याच वर्षी नगरमंडळावर निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. तुरुंगाची भीती गेली, ही मोठीच गोष्ट. पण न्यायालय कोणाला डबा घेऊन कोणाच्या शेजारी बसवीत नाही.

त्या फिटरचा आम्ही शोध घेतला. तो गाव सोडून गेला होता. नंतरच्या एका करारात, लैंगिक कलावरून कोणास काढू वा छळू नये, असे कलम आम्ही सुचविले. व्यवस्थापनाने फारशी हरकत घेतली नाही. हसले ते आमच्याच सभेतले सभासद. दुसऱ्या सभेत आम्ही ते पुन्हा मांडले, आणि त्या बाकाची गोष्ट, आमचे त्या दिवशीचे उत्तर धरून, सांगितली. तेव्हा ते मंजूर झाले.